पांढऱ्या स्वयंपाकघराच्या चोवीस लाद्या

पांढरं स्वयंपाकघर गावात टेम्पोतून आलं, तेव्हा भगीरथ हरड टाळ घेऊन वेशीवर उभे राहिले नाहीत, एवढंच. बाकी उत्साह पालखी आल्याचाच होता. गाव टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून. लेक दामिनी ठाण्याला, स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्या दुकानात कामाला. कुणा गिऱ्हाइकाने ऐनवेळी नको म्हटलेलं अख्खं स्वयंपाकघर तिने आईसाठी, सुंदराबाईंसाठी, धाडून दिलं होतं. कपाटं पांढरी, खण पांढरे, खणांच्या मुठीसुद्धा पांढऱ्या. दोन माणसं आली आणि चार तासांत बसवून गेली. दारात बघायला गर्दी झाली. शेवटी शेजारच्या बाईजाकाकूंनी तोंड उघडलं.

"बाय गो सुंदरा! वर सरग नि खाली शाबादी!"

सगळ्यांनी खाली बघितलं. शहाबादी फरशी पंचवीस वर्षांची होती. तेल पिऊन पिऊन तिचा रंग तव्याच्या बुडासारखा झालेला, आणि मधोमध एक भेग, ती थेट मोरीपर्यंत. त्या पांढऱ्या कपाटांच्या पायाशी ती अशी दिसत होती, की नव्या नवरदेवाने सफारी शिवावी आणि पायात शेतातल्या चपला घालून मांडवात यावं.

"बदलायची," नाना म्हणाले. भगीरथरावांना गाव नाना म्हणतो. "काल्याच्या आत बदलायची."

हा काला काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढची धावपळ कुणाला वेडेपणाची वाटणार नाही. गावात दर माघात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस भजन, कीर्तन, पारायण. आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि मग गावजेवण. काल्याचं कीर्तन करणाऱ्या बुवांनी कीर्तनाआधी कुणाच्या घरी जेवायचं, याची गावात यादी आहे. यादीत नऊ घरं. म्हणजे नऊ वर्षांनी पाळी. बुवा ज्या घरी जेवतात, त्या घरच्या बाईचं रांधणं देवाला पोचलं असं गाव मानतं, आणि मीही मानतो. मागच्या खेपेला हरडांची पाळी आली आणि नेमकं सुतक पडलं. पाळी पुढच्या घरी गेली आणि हरड यादीच्या तळाला गेले. म्हणजे सुंदराबाई अठरा वर्षं थांबल्या होत्या. यंदा काही अडचण आली, तर जेवण पुढच्या घरी, यमाजी देसल्यांकडे जाणार. आणि सुंदराबाई पुन्हा नऊ वर्षं.

सप्ताहाला पंधरा दिवस होते. एवढ्यात एक फरशी बसत नाही? बसते. पण ती कुणी बसवायची, कधी बसवायची आणि कुठली बसवायची, यातला शेवटचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. नानांनी सुरुवात पहिल्यापासून केली.

रघू मिस्त्री डोळखांबकडचा. हात देवाने दिलेला, आणि जीभही. तो आला, कंबरेवर हात ठेवून फरशीकडे बघत म्हणाला, "नाना, हिला तोडतो." नाना म्हणाले, "तोड." त्याने तोडली. संध्याकाळी स्वयंपाकघरात गुडघाभर राडारोडा आणि वर पांढरी कपाटं, असं दृश्य तयार झाल्यावर रघूने विचारलं, "नवी कुठली घेतलीत?"

 नवी अजून घेतलेली नव्हती.

"तुमी कचेरीत असंच करता का वो?" रघूने अगदी साध्या मनाने विचारलं.

हे नानांना लागलं. नाना मुरबाडला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. त्यांच्या टेबलावरून गेलेल्या फाइलीत त्रुटी निघाली, असं एकतीस वर्षांत झालेलं नाही. काही फाइली तर टेबलावरून गेल्याच नाहीत, त्यामुळे तोही धोका टळला. त्यांनी त्याच दिवशी घरच्या कामाची रीतसर फाइल उघडली. विषय : पांढऱ्या स्वयंपाकघरास साजेशी फरशी निश्चित करणेबाबत. आत तुलनात्मक तक्ता. रंग, टिकाऊपणा, घसरडेपणा, डाग, अभिप्राय, असे रकाने. आणि संबंधितांची मतं घ्यायला ते बाहेर पडले.

मतं शोधत फिरावं लागलं नाही. मतंच घरी आली.

यमाजी म्हणाले, "नाना, लाकडासारखी दिसणारी लादी निघाल्ये. पांढरं वर, खाली लाकूड. बघणाऱ्याला वाटंल साग टाकलाय." यमाजी नानांचे भजनातले जोडीदार. नाना पखवाजावर, पलीकडे यमाजी टाळ घेऊन, आणि दोघांनाही वाटतं, की दुसरा किंचित मागे राहतो.

बाईजाकाकू म्हणाल्या, "शेणानं सारवल्यासारखी दिसंल अशी हाय का कुठं? हिरवट? डोळ्याला गार वाटतं."

दामिनीने फोनवर सांगितलं, "बाबा, काळी घ्या. काळी कुळकुळीत. पांढऱ्याखाली काळीच उठून दिसते, इथे सगळे तेच घेतात."

रघूचं मत गेरूच्या रंगाचं होतं. "माती सांडली तरी कळत नाय." मिस्त्रीच्या तोंडी हे वाक्य जरा शंकास्पदच, पण नानांनी तेही रकान्यात लिहिलं.

नानांचं स्वतःचं मत राखाडी. राखाडी कुणाच्या डोळ्यावर येत नाही, कुणाची तक्रार येत नाही, आणि मळली तरी मुळातच तशी वाटते. कचेरीच्या भिंती पाहून पाहून त्यांची अशी खात्री झालेली होती. तक्त्यात त्यांनी राखाडीला प्रथम क्रमांक दिला आणि पुढे कंसात 'शिफारस' लिहिलं.

मग ते शहापूरला गेले. मुरबाडच्या दुकानात लाद्या कमी आणि सल्ले फार, म्हणून शहापूर. तिथला दुकानदार, हरेश, भला माणूस. त्याने नानांची फाइल शांतपणे वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईक तक्ता घेऊन आलं असावं. म्हणाला, "नाना, दुकानातल्या उजेडात काय कळत नाय. प्रत्येक रंगाचं एकएक खोकं घेऊन जा. तुमच्या उजेडात बघा. पसंत पडंल त्या रंगाच्या बाकीच्या लाद्या मी टेम्पोनं दोन तासांत पोचवतो. नापसंत खोकी परत." आणि जाता जाता आपलंही एक मत त्याने खोक्यात भरून दिलं, आभाळी निळ्या रंगाचं. "हे माझ्याकडून. बघा तरी."

सहा रंग, सहा खोकी, एकेका खोक्यात दोन फुटी चार लाद्या. नाना एसटी स्टँडवर आले.

"हे काय?" कंडक्टरने विचारलं.

"नमुने."

"नमुना खिशात मावतो, काका. हे बांधकाम हाय."

"बांधकाम जमिनीला चिकटलेलं असतं. हे सुटं आहे. म्हणजे सामान."

"सामान वाटेत ठेवता येत नाय. माणसाच्या मांडीवर ठेवलं तर माझी हरकत नाय."

कंडक्टर हे सहज बोलून गेला. पण नियम सांगितला की नाना तो पाळतात. त्यांनी खोकी फोडली आणि गाडीतल्या चोवीस प्रवाशांच्या मांडीवर एकेक लादी दिली. सुरुवातीला लोक कुरकुरले. पण माणसाच्या मांडीवर वस्तू आली की तिच्याबद्दल आपुलकी वाटतेच. किन्हवली येईपर्यंत गाडीत दोन तट पडले. निळी धरलेल्या मास्तरांचं काळी धरलेल्या बाईंशी वाजलं. सरळगावला उतरणारा एक म्हातारा आपली हिरवी लादी पुढच्याच्या स्वाधीन करताना म्हणाला, "सांभाळा, पोराला जपा." कंडक्टरने शेवटी स्वतः उभं राहून मत दिलं. त्याला लाकडाची आवडली. नानांनी सगळ्यांची मतं टिपून घेतली. मोजदाद केली, तर कंडक्टर सोडून प्रत्येक रंगाला चार. ज्याच्या मांडीवर जी, त्याला ती!

घरी लाद्या उतरल्या आणि गावात एकच गजर झाला. रोज संध्याकाळी मंडळी यायची, लाद्या कपाटांना टेकवून बघायची, एक डोळा मिटायची, मागे सरायची. एकदा मागे सरताना यमाजी राडारोड्याच्या ढिगात बसले. तो ढीग मग रघूने बाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन टाकला, आणि तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीची नोटीस आली : काल्याच्या पालखीच्या मार्गावर राडारोडा टाकल्याबद्दल. नानांनी जन्मभर नोटिशी लिहिल्या होत्या. आलेली ही पहिली. त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्यांना हायसं वाटलं. जावक क्रमांक नव्हता. "जावक क्रमांकाअभावी परत" असा शेरा मारून त्यांनी ती परत पाठवली. अर्ध्या तासात ती क्रमांकासह आली. नाना मुकाट्याने घमेलं घेऊन बाहेर गेले.

सुंदराबाई या काळात परसात तीन दगडांच्या चुलीवर रांधत होत्या. येणाऱ्याला चहा देत होत्या. माघातली थंडी, लाकडं ओली, डोळ्यांत धूर. "अवो, कुठली पन ठरवा, पन ठरवा," एवढंच त्या म्हणायच्या. नाना म्हणायचे, "प्रक्रियेत आहे."

प्रक्रियेतच सप्ताह बसला.

आणि सप्ताह बसला की नाना नानांचे राहत नाहीत. पहाटे काकडा, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ. पखवाजावर थाप पडली की ह्या माणसाच्या अंगात वारं शिरतं. मी सांगतो, मंडळी, ज्याला हे सुख ठाऊक आहे तो फरशी विसरतोच. काळी असो, निळी असो, नाचणाऱ्याच्या पायाला रंग कळत नाही. असो. सहाव्या दिवशी सकाळी रघूने त्यांना काकड्यातून बाहेर पडताना गाठलं.

"नाना, आज बसली तर उद्या सुकंल, परवा बुवा पाय ठेवतील. आज नाय बसली, तर बुवांचं जेवन यमाजींकडं. बोला."

नानांनी घड्याळ बघितलं. "तू माल कालवून ठेव. बारा वाजता ये, मी सांगतो. हरेशला फोन करू, दोनला टेम्पो येईल."

सांगायचं काय, ते नानांचं ठरलेलंच होतं. राखाडी. फाइलवर शेवटचा शेरा तेवढा मारायचा राहिला होता. मात्र बारा वाजता त्यांच्याकडे विण्याचा पहारा आहे, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

विण्याचा पहारा म्हणजे असा. सप्ताहभर देवापुढे वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांच्या पाळीने एकेकाने ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, मुखाने नाम घ्यायचं. दुसरं अक्षर बोलायचं नाही. पुढचा माणूस येऊन गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेईपर्यंत हलायचं नाही, मग घराला आग लागो. नानांचा पहारा बारा ते दोन. त्यांच्यानंतर यमाजी.

बारा वाजता नाना डोळे मिटून डुलत होते. रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. मान तालावर खाली-वर, खाली-वर. सव्वाबाराला मांडवाबाहेर रघूची मोटारसायकल थांबली. घरी माल कालवलेला, तो आळत चाललेला. त्याने मागे बांधून आणलेल्या सहा रंगांच्या सहा लाद्या आत आणल्या आणि मांडवाच्या खांबाला टेकवून उभ्या केल्या. मग नानांच्या पुढे येऊन हात जोडले.

"नाना, बोलू नका. इन्याचा नेम मला ठाव हाय. तुमी निस्ती मान हलवा."

नानांनी डोळे उघडले.

रघूने लाकडी लादी उचलली. "ही?"

नानांची मान तालावर खाली आली.

"बरं. आनि ही?" हिरवी. मान पुन्हा खाली आली. नानांनी जिवाच्या आकांताने 'नाही' म्हणून मान आडवी हलवायचा प्रयत्न केला; पण त्या घटकेला पुढच्या टाळकऱ्यांनी लय वाढवली आणि आडवी मान उभीला मिळून जे काही झालं, तसं डोलणं रघूने कीर्तनात तल्लीन झालेल्यांचं पाहिलेलं होतं. काळी. गेरूची. निळी. राखाडी. सहाही लाद्यांना नानांनी मान डोलावली. शेवटी त्यांनी रघूकडे डोळे वटारून बघितलं. बुबुळं बाहेर आली, डोळ्यांना पाणी सुटलं.

रघूने पुन्हा हात जोडले. "काय वो तुमची भक्ती," तो म्हणाला आणि नानांच्या पाया पडून, लाद्या बांधून निघून गेला.

नाना रामकृष्ण हरी म्हणत राहिले. अशी आर्त हाक त्या मांडवात फार वर्षांत ऐकू आली नव्हती. दोन वाजले. यमाजी आले नाहीत. अडीच. तीन. टाळकरी बदलले. नानांनी देवाकडे बघितलं. देव कमरेवर हात ठेवून उभा. साडेतीनला यमाजी धापा टाकत आले, हातपाय सिमेंटने भरलेले, तोंडभर हसू.

"माफी करा, नाना! तुमच्याच घरी होतो. रघू एकटा, म्हटलं हात लावू. वैनींचं जेवन चुकायला नको." त्यांनी हातपाय धुऊन वीणा गळ्यात घेता घेता अभिमानाने कानात सांगितलं, "शेवटची लादी आत्ता बसली बघा!"

आता हा माणूस गप्प राहिला असता तर जेवण त्याच्या घरी गेलं असतं. तो सिमेंटमध्ये हात घालून बसला! अशा शेजाऱ्यावर रागवावं तरी कसं? नाना रागावले नाहीत. ते धावले.

घरी रघू लाद्या पुसत होता. आठ फूट रुंद, बारा फूट लांब. लाकूड, शेजारी काळी, शेजारी हिरवी, मग निळी, गेरू, राखाडी. पुढच्या ओळीत पुन्हा निराळा क्रम. एकाच रंगाच्या दोन लाद्या कुठे शेजारी नाहीत.

"ते यमाजींचं डोकं," रघू म्हणाला. "म्हनाले, सगळ्यांचा मान राखायचा, कुनाचा गट नको."

"अरे, पण सहाही?" नाना म्हणाले.

"तुमी सहाला मान हलवली! मी घरी येऊन हिशोब केला. सहा खोकी, चोवीस लाद्या. खोली आठ बाय बारा, लागतात चोवीस. म्हटलं नानांचं पयल्यापासून ठरल्यालं हाय, आपल्याला सांगत नाय एवढंच."

मांडवात तांदूळ निवडायला गेलेल्या सुंदराबाई तेवढ्यात आल्या. दारात उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा फरशीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग पदर खोचला आणि परसात जाऊन चूल पेटवली. नाना मागे मागे गेले.

"सुंदरा, असं बघ. ही दिसते तशी वाईट... म्हणजे उद्या उपटून..."

"सुकायला एक दिस लागतो ना?"

"हो."

"मग परवा बुवा जेवतील. माज्या घरी जेवतील." एवढं बोलून त्यांनी फुंकणी तोंडाला लावली.

सातव्या दिवशी गावभर झालं. लोक खिडकीतून बघून जात होते. बाईजाकाकूंनी आपल्या हिरव्या चार लाद्या मोजून घेतल्या. दामिनीने फोटो मागवला, मग दुसऱ्या बाजूने आणखी एक मागवला. नानांना वाटत होतं, इतकी वर्षं 'नाना हरड म्हणजे चोख काम' म्हणणारं गाव आता काय म्हणेल! बुवा डोळखांबकर म्हणजे थोर कीर्तनकार. त्यांची दृष्टी पडणार, ती ह्या गोधडीवर. शेवटी त्यांनी मांडवातून मोठी सतरंजी मागून आणली आणि काल्याच्या पहाटे स्वतःच्या हाताने भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली. वर पाट, पाटापुढे रांगोळी. आता वर पांढरं, खाली लाल-निळे पट्टे. निदान पट्टे सरळ होते.

बुवा आठ वाजता आले. धोतर, फेटा, गळ्यात हार, देह भारदस्त. सुंदराबाईंनी पायांवर पाणी घातलं, आरती ओवाळली. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकरी, गुळाची खीर. वासानेच दारात उभ्या असलेल्यांना भूक लागली. बुवा म्हणाले, "रामकृष्ण हरी," आणि ओल्या पायाने आत आले.

खाली नव्या, गुळगुळीत लाद्या. वर सतरंजी. बुवांचा उजवा पाय सतरंजीवर पडला आणि सतरंजी बुवांना घेऊन निघाली.

बुवा सरळ मोरीच्या दिशेने चार फूट गेले आणि बसले. असा आवाज झाला, की पांढऱ्या कपाटांतल्या पातेल्यांनी दाद दिली.  यमाजींनी डोळे मिटले. सुंदराबाईंच्या हातातला भाकरीचा परडा तसाच राहिला. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे : गेली, पुन्हा नऊ वर्षं.

बुवा खाली बसूनच फेटा नीट करत होते. त्यांची नजर जमिनीवर गेली. सतरंजी गोळा झाली होती आणि खालून निळी, काळी, हिरवी डोकावत होती. बुवांनी हाताने सतरंजी आणखी बाजूला सारली. मग आणखी. मग म्हणाले, "अरे वा! हे तर अख्खं गाव बसलंय खाली!"

"बुवा, ती माझी चूक..." नाना पुढे झाले.

"ही कुणाची?" बुवांनी लाकडी लादीवर बोट ठेवलं.

"माजी," यमाजी दारातून म्हणाले.

"आणि ही?"

"माजी हो माजी!" बाईजाकाकू पुढे सरसावल्या. "सारवल्यावानी हाय कनी?"

काळी लेकीची, गेरूची मिस्त्रीची, निळी दुकानदाराची, राखाडी नानांची. बुवा एकेक विचारत गेले, लोक सांगत गेले, भीती गेली आणि हसू आलं. मग बुवांनी सुंदराबाईंकडे बघितलं.

"आणि माउली, यात तुमची कुठली?"

सुंदराबाईंनी परडा खाली ठेवला. नानांनी घाईने मनातल्या मनात तक्ता चाळला. रंग, टिकाऊपणा, घसरडेपणा, डाग, अभिप्राय. यमाजी होते, कंडक्टर होता, सरळगावला उतरलेला म्हातारा होता.

"मला कुनी इचारलंच नाय," सुंदराबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मीठ संपलंय म्हणावं, तसं म्हणाल्या. "बसा बुवा, भाकरी निवतील."

बुवा उठून पाटावर बसले. सतरंजी बाहेर काढायला लावली. पाच भाकरी जेवले, खीर दोनदा मागून घेतली. हात धुताना म्हणाले, "वाढणाऱ्याचा हात गोड." सुंदराबाईंनी पदराने डोळे पुसले. जेवण आत, नव्या ओट्यावर गॅसवर रांधलेलं; चूल त्या दिवशी पेटलेली नव्हती, म्हणजे धूर नव्हता.

दहा वाजता काल्याचं कीर्तन उभं राहिलं. काय रंगलं ते! बुवांनी यमुनेचं वाळवंट उभं केलं. गोपाळ आले, गाई आल्या. कुणी शिदोरी सोडली त्यात भाकर, कुणाच्या दही, कुणाच्या नुसतं लोणचं. देवाने सगळं एकत्र कालवलं, आणि काला असा गोड झाला की वरून देव लाळ गाळू लागले. पखवाजावर नाना, पलीकडे यमाजी, दोघेही आज बरोबर एका वेळी.

मग बुवा थांबले. आवाज खाली आणला.

"पण मंडळी, एक सांगा. शिदोऱ्या गोपाळांनी आणल्या. पहाटे उठून त्या बांधून कुणी दिल्या? काल्यात सगळ्यांचा घास आहे. त्या मायमाउलीचा कुठं आहे? अहो, आज एका घरी जेवलो. अमृत होतं. आणि ज्या जमिनीवर ती माउली दिवसभर उभी राहते, तिथं सहा जणांचं मत बसवलंय. सातवं विचारायचं राहूनच गेलं!"

"वा! काय दृष्टांत!" नाना मोठ्याने म्हणाले. चांगल्या कीर्तनाला दाद देण्याची त्यांची सवय. बोलून झाल्यावर त्यांना कळलं.

बुवांनी नाव घेतलं नव्हतं. आता घ्यायची गरज उरली नाही. मांडवातल्या चारशे माना पखवाजाकडे वळल्या आणि हसण्याची अशी लाट उठली की टाळकऱ्यांचे टाळ थांबले. बायकांच्या बाजूने सगळ्यात आधी हसल्या त्या सुंदराबाई. अठरा वर्षांचं सगळं हसू एकदम आलं असावं. आणि नाना? नानांचे कान लाल झाले, पण हातांनी ठेका सोडला नाही. अपमान झाला तो कीर्तनात झाला, हे त्यातल्या त्यात बरं.

दुपारी गावजेवण उरकल्यावर रांग लागली ती हरडांच्या दारात. सुंदराबाई एकेकीला आत नेऊन दाखवत होत्या. "ही यमाजीभावजींची. ही काकूंची. इथं सांभाळून, इथं बुवा बसले व्हते." निळीवर बसले होते, म्हणून दोघी-तिघी निळीला हात लावून तो कपाळाला लावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, "सुंदरा, सगळी उपटू. तू म्हणशील ती बसवू."

बातमी तासाभरात पसरली. बाईजाकाकू काठी आपटत आल्या, "माज्या लाद्यांना हात लावलास तर बघ." यमाजी म्हणाले, "माझ्या घामाच्या हायत." दामिनीचा फोन आला, फोटो दुकानात सगळ्यांना आवडलाय, काळ्या तेवढ्या राहू द्या. निळ्या आता बुवांच्या झाल्या होत्या. गेरूच्या काढून टाकायला रघू तयार नव्हता, आणि दुसरा मिस्त्री गावात नव्हता. उरल्या राखाडी. त्यांच्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता, आणि तो बोलला नाही.

मग दोघं शहापूरला गेली. हरेशने पंखा लावला, चहा सांगितला. सुंदराबाई रांगेने सगळ्या लाद्या बघत गेल्या. नाना खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. दोनदा त्यांचं तोंड उघडलं आणि दोनदा त्यांनी ते चहाच्या कामी लावलं. तासाभराने सुंदराबाई थांबल्या.

"ही."

पांढरी होती. साधी, पांढरीशुभ्र.

"अगं, पांढऱ्याला पांढरी?" नानांना राहवलं नाही. "हळदीचा डाग लगेच दिसेल!"

"दिसायलाच पायजे," सुंदराबाई म्हणाल्या. "दिसला तर पुसता येतो. न दिसनारा डाग घेऊन मी पंचवीस वर्सं उभी व्हते."

रघूने राखाडी चार लाद्या काढल्या. इकडची गेरू तिकडे, तिकडची निळी इकडे असं करत त्याने ओट्यासमोर, सुंदराबाई जिथे उभ्या राहतात तिथे, चार पांढऱ्या एका ओळीत बसवल्या. या वेळी एका रंगाच्या लाद्यांचा गट झाला आणि यमाजींनी हरकत घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी फोडणी घालताना हळद सांडली. सुंदराबाईंनी खाली बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि कढईकडे वळल्या. नानांनी पेपर बाजूला ठेवला, फडकं भिजवलं आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागले. तेवढ्यात वाटीभर दही मागायला आलेल्या बाईजाकाकू दारातच थांबल्या. पांढरी कपाटं, पांढऱ्या लाद्या आणि त्यांच्यावर ओणवे झालेले, पांढऱ्या बंडीतले वरिष्ठ लिपिक, असं सगळं त्यांनी एक डोळा मिटून नीट निरखलं.

"आता गो बाय," त्या म्हणाल्या, "आता जुळलं."